नाथाची जादा हवा

नाथा आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या धुवायला यायला लागला, त्याआधी तो पाणबुड्या होता. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. जनी दारावर मासळी घेऊन यायची. एकदा मी सहज म्हटलं, तुझा नवरा टाकीत उतरला की लवकर वर येत नाही. कोलंबी सोलता सोलता ती म्हणाली, "पयले पाणबुड्या होता तो. आता त्याला वर यायचा कंटाळा आलाय." नाथाने स्वतः सांगितलं ते बऱ्याच उशिरा, आणि तेही तुकड्यातुकड्याने. ते जुळवून मी इथे सांगतो आहे.

नाथाचं घर डोंबिवलीजवळ कोपरला, खाडीच्या अंगाला. बापाची होडी होती. नाथा पोहायला कधी शिकला ते त्याला आठवत नाही, चालायला शिकल्याचं जसं कुणाला आठवत नाही तसं. पण तो कमावता व्हायच्या वेळेला खाडी मरायला लागली होती. वरून कारखान्यांचं पाणी यायचं. जाळ्याला काळा तेलकट थर धरायचा, चिंबोरीला रॉकेलचा वास यायचा. बाप तरीही जायचा आणि रिकामा परत यायचा. शेवटी होडी काठावर उपडी पडली ती पडलीच.

तेव्हा ठाण्याचा एक ठेकेदार पोहणारी माणसं शोधत होता. परशुराम त्याचं नाव, सगळे परशुरामशेठ म्हणायचे. पाण्याखालची कामं घ्यायचा. नदीतून पाणी उपसणाऱ्या विहिरींच्या जाळ्या साफ करायच्या, पुलाच्या खांबांची तळं तपासायची, बुडालेलं काही असेल तर ते ओढायला पोलादी तारदोर बांधून द्यायचा. माणूस वाईट नव्हता. हसतमुख होता, कामगाराच्या घरच्या लग्नाला यायचा, पोटभर जेवायचा, जाताना म्हातारीच्या पाया पडायचा. नाथा हे मुद्दाम सांगतो. "वाईट असता तर मी पयलेच सोडून गेलेलो असतो," तो म्हणाला.

परशुरामकडेच त्याला देवराम भेटला. देवराम ठाकुर्लीचा. त्याचे वडील रेल्वेच्या वीजघरात कामाला होते आणि रेल्वेच्याच चाळीत त्यांचं बिऱ्हाड होतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली अभ्यासाला बसवलेला हा मुलगा मॅट्रिकनंतर आयटीआयला गेला, वेल्डिंग शिकला आणि उल्हास नदीत पोहून पोहून पाण्याखालचं वेल्डिंग शिकायच्या नादाला लागला. तो बोलका होता, नाथा घुमा. परशुरामने दोघांची जोडी लावली. पाण्याखाली एकट्याने उतरायचं नसतं, एवढा नियम परशुराम पाळायचा.

देवराम पहिल्यांदा कोपरला जेवायला आला तेव्हा नाथाच्या आईने, मनुबाईने, त्याला पाणी वेगळ्या पेल्यात दिलं. जनीने पाहिलं, नाथानेही पाहिलं. देवरामने तर पेला हातात घेऊन निरखून पाहिला आणि पाणी पिऊन टाकलं. बाहेर पडल्यावर नाथाला म्हणाला, "तुझ्या आईला सांग रे, पाण्याखाली तुझ्या तोंडातली हवेची नळी मी तोंडात घेतो. आता कुठला कुठला पेला वेगळा ठेवणार ती?"

नाथाला मान वर करवेना. घरी येऊन त्याने आईला हेच ऐकवलं. मनुबाई म्हणाली, "तुमचा खालचा धर्म तुमी संभाला, माजे घरातला मी संभालतंय." पुढच्या वेळी देवराम आला तेव्हा जनीने तो पेला चुलीमागे टाकून सगळ्यांना सारखे पेले दिले. म्हातारी दोन दिवस जेवली नाही, मग जेवली.

एकाची हवा संपली तर दुसऱ्याची नळी आळीपाळीने तोंडात धरून दोघांनी वर यायचं, हे त्यांनी उल्हासमध्ये छातीभर पाण्यात बसून शिकून घेतलं होतं. दोन श्वास तुझे, दोन माझे. ऐकायला सोपं वाटतं. पण घाबरलेला माणूस नळी परत देत नाही, हे नाथाला मोहन्याच्या बाजूला नदीवरच्या एका विहिरीत कळलं. तिथे तो जाळीतला गाळ काढत असताना त्याच्या तोंडाजवळच्या रेग्युलेटरमध्ये चिखल गेला आणि हवेऐवजी पाणी यायला लागलं. त्या दिवशीच्या जोडीदाराने त्याला एकदा नळी दिली, परत घेतली, आणि मग दिलीच नाही. नाथा एका दमात वर आला. नाकातोंडातून रक्त. देवराम त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता.

घरी आल्यावर बापाने त्याला एवढंच विचारलं, "खाडीत एका वल्ह्यावर कोन जातं रे?"

होडीत जादाचं वल्हं टाकल्याशिवाय बाप कधी काठावरून हलला नव्हता. नाथाच्या मनात ते बसलं. तो मुंबईला दारूखान्यात गेला, जिथे मोडलेल्या जहाजांचं सामान मिळतं. हिंडून हिंडून त्याने तिथून एक लहान सिलिंडर आणला, पाच लिटरच्या दुधाच्या कॅनएवढा. तो दाबाला टिकतो की नाही याची तपासणी करून घेतली, त्याला वेगळा रेग्युलेटर, वेगळी नळी बसवली. कमरेला डाव्या बाजूला लटकवायला जनीने जुन्या जाड पट्ट्यांचं एक खोगीर शिवून दिलं. पाठीवरच्या मोठ्या बाटलीशी याचा काही संबंध नाही. मोठी फुटली, तुंबली, संपली, तरी ही वेगळी. नाथा तिला 'जादा' म्हणायचा.

परशुराम हसला. "नाथा, मी दोघांना पाठवतो ते कशाला? एकमेकाचं जादा तुम्हीच आहात की." पण त्याने अडवलं नाही. अडवायचं कारण काय, बाटली नाथाची होती, वाहणारा नाथाच होता.

आणि वाहायचं म्हणजे सोपं नव्हतं. काम डोंबिवली-ठाण्यात असलं तर ठीक. पण कामं लांबची निघायची. उकाईचं धरण, कोयनेच्या बाजूला, खाली कारवारपर्यंत. मोठ्या बाटल्या आणि कॉम्प्रेसर परशुरामच्या टेंपोतून जायचे. त्यात जागा असली तर नाथाची जादा जायची, नसली तर नाथाला ती खांद्यावर मारून न्यावी लागायची. लोखंडाचं धूड ते, पिशवीच्या पट्ट्याने त्याच्या खांद्यावर कायमचा वळ पडला. एका लॉजवाल्याने स्फोटक समजून खोली दिली नाही. रेल्वेच्या सामानघरात एकाने तिला हात लावायला नकार दिला. जनी म्हणायची, "बायकोला कधी इतका जपून नेला नाय." देवराम तर तिला 'वहिनी' म्हणायला लागला होता. गाडीत बसल्या बसल्या विचारायचा, "वहिनींना खिडकी पाहिजे का?"

इतक्या वर्षांत ती एकदाही लागली नाही. नाथा प्रत्येक कामाच्या आधी ती भरून घ्यायचा, तोंडात धरून एक श्वास ओढून बघायचा, आणि काम झालं की तशीच भरलेली परत आणायचा.

एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, एका लहान बंदराच्या तोंडाशी बुडालेल्या एका बार्जचं, म्हणजे सपाट मालवाहू नौकेचं, काम आलं. बार्जमधलं इंजिन काढायचं होतं. खाली जाऊन इंजिनाभोवती तारदोर बांधायचा, मग वरून दुसऱ्या बार्जवरच्या विंचने, दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढायचं. भांगाचे दिवस धरून परशुरामने काम ठरवलं, कारण तेव्हा भरती-ओहोटीला ओढ कमी असते. टेंपो आदल्या दिवशी गेला, तो विंचच्या सामानाने गच्च भरून. नाथा आणि देवराम एस.टी.ने निघाले.

ठाण्याच्या स्टँडवर कंडक्टरने पिशवी उघडायला लावली.

"काय हे? गॅस?"

"हवा आहे," नाथा म्हणाला.

"हवा?"

"साधी हवा. पाण्याखाली जायला लागते."

"हवा घेऊन चाललाय रत्नागिरीला? तिथे हवा नाही का?"

गाडीतले लोक हसले. एक बाई पदर तोंडाला लावून हसत राहिली. नाथाने समजावून पाहिलं, दाबाचा आकडा दाखवला. आकडा पाहून कंडक्टर आणखी बिथरला. "एवढा दाब? ही फुटली तर माझी गाडी जाईल. एकतर रिकामी कर नाहीतर उतर." मागे दुसरी गाडी संध्याकाळची होती, आणि ती पकडली तर भांगाचा एक दिवस फुकट जाणार होता.

देवराम म्हणाला, "सोड ना हवा. तिथे कॉम्प्रेसर आहे, तिथे भरू."

नाथाने बाटली खाली ठेवून चावी उघडली. हवा सुसाट बाहेर पडली, स्टँडवरची कुत्री पळाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ तो आवाज चालू होता. मग बाटली गप्प झाली आणि कंडक्टरने घंटी मारली.

बंदरावर पोचले तेव्हा परशुराम घाईत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसर लावला, मोठ्या बाटल्या भरून झाल्या आणि नाथाची जादा जोडायच्या आधी कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणायला माणूस गावात गेला. भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ थांबतं, ती वेळ आली होती.

"पट्टा येईपर्यंत थांबू," नाथा म्हणाला.

"पाणी थांबेल का तुझ्यासाठी?" परशुराम म्हणाला. "अरे, मोठ्या भरलेल्या आहेत की. आज फक्त दोर टाकून या. उद्या तुझी ती भरू, दोनदा भरू."

नाथा विंचच्या बार्जच्या काठावर बसून राहिला. देवराम तयार होऊन उभा होता. तो म्हणाला, "नाथा, इतकी वर्षं हिंडवलीस हिला. एक दिवस सुट्टी दे. चल."

नाथा उठला. हे तो सांगतो तेव्हा आवाज चढवत नाही. "मला कुणी ढकलला नाय," तो म्हणतो. "मी उठलो." आणि उठताना त्याने रिकामी जादा कमरेला बांधली. का, ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. ती नसली की डावी बाजू हलकी लागायची, अंग कलायचं, सवय झाली होती.

पाणी गढूळ होतं, हाताला हात दिसत नव्हता. दोघांनी चाचपत इंजिनाभोवती दोर फिरवला. नाथा बाहेर राहिला, देवराम दोराचं टोक घ्यायला इंजिनघराच्या तोंडात शिरला. वर इशारा द्यायला एक वेगळी दोरी होती; तिला दोन हिसके म्हणजे ओढा, हे ठरलेलं होतं. कुणीही दोन हिसके दिले नव्हते. दोरी कशात तरी अडकून हलली असेल, किंवा वरच्या माणसाला तसं वाटलं असेल. विंच फिरली. तारदोर ताठ झाला आणि लोखंडी काठावर देवरामची मांडी त्याच्याखाली सापडली. त्याच दणक्यात त्याच्या पाठीवरच्या बाटलीची नळी चिरडली.

नाथाला फक्त बुडबुड्यांचा मोठा लोट अंगावर आल्याचं कळलं. चाचपत तो देवरामपाशी पोचला, पायावर हात गेला आणि सगळं समजलं. त्याने स्वतःची नळी काढून देवरामच्या तोंडात दिली. देवरामने दोन श्वास घेतले आणि परत दिली. दोन श्वास तुझे, दोन माझे. घाबरलेला माणूस नळी परत देत नाही, पण देवराम देत होता.

नाथाने दोरीला हिसके दिले, सोडा म्हणून. ठरलेले चार. वरून काही झालं नाही. पुन्हा दिले. उलट दोर आणखी ताणला गेला. आता एकच उपाय होता, वर जाऊन ओरडून सांगायचं. पण वर जायचं तर देवरामला हवेशिवाय सोडायचं; पाठीवरची बाटली त्याला देऊन एका दमात वर पोचावं एवढं पाणी उथळ नव्हतं.

याच वेळेसाठी ती जादा होती. ती देवरामच्या हातात द्यायची, तिची नळी त्याच्या तोंडात, आणि आपण वर जायचं. एवढाच तिचा उपयोग. नाथाचा हात आपोआप कमरेला गेला. त्याने तिची नळी काढली आणि देवरामच्या तोंडात दिली. देवरामने श्वास ओढला. काहीच आलं नाही. त्याने पुन्हा ओढला. मग नळी सोडून दिली आणि नाथाचं मनगट धरलं.

नाथाने त्याला आपली नळी दिली. देवरामने लांब, खोल श्वास घेतला, एक, मग दुसरा, पोट भरून घ्यावं तसा. नळी नाथाच्या तोंडात ठेवली आणि त्याच्या छातीला हात लावून त्याला वर ढकललं.

नाथा वर आला, ओरडला, "ढील द्या! ढील द्या, देवराम खाली अडकलाय!" वरच्यांना कळायला, विंच उलटी फिरायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. तो लगेच परत खाली गेला. देवरामला घेऊन वर आला तेव्हा परशुराम स्वतः पाण्यात उडी टाकून त्यांना ओढायला आला होता. बंदरावरच्या डॉक्टरने खूप धडपड केली. उपयोग नव्हता.

प्रेत ठाकुर्लीला आणलं. देवरामची बायको नीला दारात उभी होती, कडेवर शीला, तीन वर्षांची. चाळ भरून माणसं होती. परशुराम सगळ्यांसमोर रडला, खरंच रडला. आणि रडता रडता म्हणाला, "वहिनी, सोयीत काही कमी नव्हतं हो. जादाची बाटलीसुद्धा सोबत होती. नशीब."

नीलाने नाथाकडे पाहिलं. नाथा गप्प राहिला. तिथे, प्रेतापाशी, काय बोलणार? पण त्या गप्प राहण्याचा अर्थ चाळीने लावला तो असा, की सोय होती.

जलदानविधी झाल्यावर तो एकटा नीलाकडे गेला आणि सगळं सांगितलं. स्टँडपासून. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "रिकामी होती तर बांधली कशाला?"

नाथाचा हात कमरेच्या डाव्या बाजूला गेला.

"बरं," ती म्हणाली. "हे कोर्टात सांगाल?"

"सांगेन."

परशुरामने नुकसानभरपाई द्यायला नकार दिला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही माणसं माझे कामगार नव्हेतच. ते स्वतंत्र पाणबुडे, कामापुरते बोलावले. आता तो नाथाच्या घरी येत नव्हता, वाटेत दिसला तर मात्र थांबून विचारायचा, आई कशी आहे? नाथाला त्याने कामावरून काढलं नाही, फक्त पुन्हा बोलावलं नाही.

नीलाने कल्याणच्या एका तरुण वकिलाला धरलं. तो हुशार होता, मन लावून काम करायचा. त्याने नाथाला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, सगळं खरं सांगा. एकच गोष्ट. ती लहान बाटली कुणाची म्हणून विचारलं, तर ठेकेदाराची म्हणायचं. तुम्ही स्वतःची हत्यारं घेऊन जात होता असं एकदा ठरलं, की तुम्ही कामगार राहत नाही. समजलं?"

"पण ती माझी आहे."

"ते मला माहीत आहे. कोर्टाला माहीत असायची गरज नाही."

नीला शेजारी बसली होती. नाथाने तिच्याकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

तारखा पडत गेल्या. नीला डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या एका कारखान्यात लागली, पाळी सोडून कोर्टात यायची. जनी आठवड्यातून एकदा ठाकुर्लीला जाऊन तिला मासळी देऊन यायची, आणि नीला ती घ्यायची. शेवटी नाथाची साक्ष निघाली.

सुरुवातीला तो नीट बोलला. हाजरी परशुराम घ्यायचा, काम तो सांगायचा, कधी उतरायचं कधी चढायचं तोच ठरवायचा. नीलाचा वकील खूश दिसत होता. मग परशुरामचा वकील उठला. वयस्कर, मवाळ माणूस.

"तुमच्या कमरेला एक जादा बाटली होती म्हणता. ती कुणी दिली होती?"

"शेठनी," नाथा म्हणाला.

"छान. म्हणजे नियमाप्रमाणे जी सोय लागते, तिच्यावर आणखी एक सोय शेठ देत होते?"

नाथाने मान डोलावली.

"इतर ठेकेदार अशी जादा बाटली देतात का?"

"नाय."

"म्हणजे परशुरामशेठना माणसांच्या जिवाची इतरांपेक्षा जास्त काळजी होती. बरोबर ना? स्वतः खटपट करून, कुठूनतरी शोधून त्यांनी ती तुमच्यासाठी आणली. खास शिवलेल्या पट्ट्यासकट. हो की नाही?"

परशुराम पुढच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. नाथा सांगतो की त्याला त्या क्षणी कोर्ट दिसत नव्हतं. दारूखान्यातली भंगाराची गल्ली दिसत होती, आणि दाभण बोटात घुसवून घेत पट्टे शिवणारी जनी, आणि खांद्यावरचा वळ. आणि स्टँडवर हसणारी ती बाई.

"त्याने?" नाथा ओरडला. "त्याने काय दिला? त्याने हसायचा काम केला! माझी होती ती. मी आणली, मी वाहिली, माझ्या बायकोने शिवली. त्याने एकदा हवासुदा भरून दिली नाय!"



"म्हणजे बाटली तुमची," वकील हळूच म्हणाला. "तुमची स्वतःची साधनं तुम्ही स्वतः आणत होता. आणि ती रिकामी कुणी केली होती?"

"मी."

"आभारी आहे," म्हणून तो खाली बसला.

नीलाचा वकील कागद गोळा करत राहिला. त्याने नंतर खूप प्रयत्न केला, पण दावा फेटाळला गेला. स्वतःची साधनं बाळगणारे स्वतंत्र पाणबुडे, असं निकालात होतं. वर अपील करायची ताकद कुणात नव्हती.

कोर्टाच्या पायऱ्यांवर नीला नाथासाठी थांबली. ती चिडलेली नव्हती. ती थकली होती.

"एक शब्द होता, भावजी," ती म्हणाली. "आणि तो तुम्ही बोललाही होता. तसाच ठेवायचा होता."

"वैनी, तो त्याला देव बनवीत होता."

"बनू द्यायचा होता. मला देवाशी काय करायचं होतं? मला शीलाला वाढवायचं होतं." मग ती म्हणाली, "ते गेले तेव्हा तिथे चाळीत तुम्ही बोलायला पाहिजे होतं. तिथे गप्प राहिलात. इथे गप्प राहायला पाहिजे होतं, तर बोललात."

पुढच्या आठवड्यात जनी मासळी घेऊन गेली तेव्हा नीलाने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "नको आता." जनी त्यानंतरही दोनदा गेली. मग तिने जायचं सोडलं. घरी येऊन नाथाला तिने फाडफाड बोलून घेतलं. "तुजी बाटली, तुजी बाटली! त्या बाटलीपायी दुसऱ्याची बाई उपाशी ठेवलीस." नाथा म्हणाला, तूच शिवली होतीस ना ती. त्यावर जनीने ते खोगीर काढून खाडीत नेऊन टाकलं. बाटली नाथाने स्वतःच भंगारवाल्याला दिली.

त्यानंतर तो कुठल्याही ठेकेदाराकडे गेला नाही. डोंबिवलीत इमारती भराभर उठत होत्या, प्रत्येकीच्या पोटात एक टाकी, डोक्यावर एक टाकी. वर्षातून दोनदा त्या धुवायच्या. त्यात कुणी बुडत नाही, कुणाची जोडी लागत नाही. नाथाला ते काम मानवलं. परशुराम पुढे गोव्याच्या बाजूला गेला, हौशी लोकांना समुद्राखाली मासे दाखवायचा धंदा काढला असं कुणीतरी सांगितलं. चांगला चालतो म्हणे. नाथाने ते ऐकून घेतलं आणि झाडू पाण्यात बुडवला.

सत्त्याण्णव साली, पावसाळा संपताना, तो कल्याणच्या बाजारात चुना आणायला गेला होता, टाकीच्या भिंतींना लावायला. गर्दीत समोरून नीला आली. केस पांढरे झाले होते. बरोबर शाळेच्या गणवेशात शीला, आईच्या खांद्याला लागलेली. नाथाला वळून जायला जागा नव्हती. त्याने मनाशी ठरवलं, बोलली तर सगळं ऐकून घ्यायचं. चार माणसांत बोलली तरी.

नीला थांबली. "बरे आहात?" म्हणाली.

"हो."

"जनीताई?"

"आहे. आई गेली."

"कळलं होतं." मग तिने मुलीला सांगितलं, "हे तुझ्या बाबांबरोबर कामाला होते."

शीलाने हात जोडले. नाथा म्हणतो, पोरीची हनुवटी बापासारखी आहे. त्याला वाटलं की तिने काही विचारावं, बाबा कसे होते, काय बोलायचे. ती शहाण्या मुलीसारखी उभी राहिली आणि मग आईकडे पाहायला लागली, जायचं का म्हणून. नीला म्हणाली, "चला, उशीर होतोय," आणि दोघी भाजीच्या बाजूला गेल्या.

"कामाला होते," नाथा मला म्हणाला. "मैतर नाय बोलली. बरोबर आहे तिचा. कोर्टाने तर तेवढाही मानला नव्हता."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. देवरामने स्वतः त्याला वर ढकललं होतं, तो माणूस रागावून गेला नाही, असं काहीसं. नाथाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो रागावला असता तर बरा झाला असता. मना त्या घरातल्या निदान एकाचा तरी राग मिळाला असता." आणि गच्चीच्या टाकीचं झाकण उघडून आत उतरला. चुन्याची बादली त्याला वरून मीच दिली.